फुंकरच्या यादीतली एकोणिसावी वस्तू

तीर्थरूप मामांस,

गेल्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी मेलो, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. तरी साष्टांग नमस्कार. (या वेळी साष्टांग म्हणजे खरोखरच साष्टांग. दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी पुठ्ठा अंथरून पालथा पडून लिहितो आहे. जेवणाची सुट्टी आहे. मालक डोकावून विचारून गेले, पाठ धरली का. मी हो म्हणालो. पाठीला सुट्टी मिळते, दुःखाला मिळत नाही.)

तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली का? थेंब वेळच्या वेळी घालता, की ताईलाच थेंब कसे घालावेत ते शिकवत बसता? चाळीस वर्षं लोकांना चष्मे लावले आणि शेवटी तुमच्याच भिंगावर ढग आला, हे ऐकून मला वाईट वाटलं (थोडं हसूही आलं, पण वाईट वाटून झाल्यावर). महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे, म्हणजे हे पत्र तुम्हाला ताई वाचून दाखवणार. ताई, तुलाही नमस्कार. तुझा आवाज चांगला आहे, फक्त वाचता वाचता मधेच खिदळायची तुला खोड आहे. या पत्रात हसण्यासारखं काही नाही. आणि जिथे मी 'ताई, गाळ' असं लिहीन तेवढा भाग गाळून पुढे जायचं. मनातसुद्धा वाचायचा नाही.

आधी एक खुलासा. आईने तुम्हाला रविवारी संध्याकाळी रडत फोन केला असणार. झालं असं, की मी घरी आलो आणि बूटही न काढता खुर्चीत बसलो. आईने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, गेला. चौदा महिने जिवापाड जपला होता, एक सुई टोचली आणि गेला. आईने इस्त्री बाजूला ठेवली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथे नव्हत्या का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, होत्या की, शेजारीच बसल्या होत्या, काही करू शकल्या नाहीत. यावर आई उठली ती थेट शेजारच्या काकूंकडे, आणि अर्ध्या तासात आमच्या जिन्यात चौदा महिन्यांच्या त्या तान्ह्या बाळासाठी हळहळणाऱ्या चार बायका आणि एक वकील उभे होते. वकील फुकट केस लढायला निघाला होता. खरा प्रकार कळल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (वकील अजून बोलत नाही.) तर मामा, कुणाचंही बाळ गेलेलं नाही. गेला तो फुंकर.

(ताई, हे तुझ्यासाठी, कारण तू आयुष्यभर याला 'बाबांचा तो फाशांचा खेळ' म्हणत आलीस. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो. भुयाराचा नकाशा त्याच्याकडे, राक्षस त्याचे, सापळे त्याचे. बाकीच्यांचं एकेक पात्र असतं, कागदावर पेन्सिलीने मांडलेलं: ताकद किती, अक्कल किती, जीव किती, जवळ काय काय. माझं पात्र आता अमुक करतं, असं आपण तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासे सांगतात. हल्ली या खेळाच्या नव्या तऱ्हा निघाल्या आहेत, त्यात पात्रं मरता मरत नाहीत, पडलेल्याला तीन तीनदा उठवून उभं करतात. बाबांचं टेबल जुन्या चालीचं. तिथे मेला तो मेला. फासा सगळ्यांसमोर पडतो आणि पडेल ते खरं. यात मजा काय, असं तू विचारशील. मजा हीच, की तो मरू शकतो.)

मामा, फुंकर तुमच्यासमोर जन्मला. तीन फासे, सहा वेळा, जे पडेल ते त्याच क्रमाने, अदलाबदल नाही. लढवय्या म्हणून आलेल्या या गड्याची ताकद सात आणि जीव दोन. तुम्ही चष्म्याच्या वरून कागद बघितलात आणि म्हणालात, याला तलवार कशाला, कुणी फुंकर मारली तरी जाईल. तेच नाव पडलं. दुसरा टाकून बघू का, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, आईबापांना अशी सोय नसते. (हे घरी सांगितल्यावर आई म्हणाली, दादाचं अगदी खरं आहे, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.) मी तेव्हा नुकतंच कॉलेज सोडलं होतं. (सोडलं म्हणजे पाचव्या सत्रात प्रयोगशाळेत सरांशी वाद झाला. मी बरोबर होतो, दुर्दैवाने तेही बरोबर होते, आणि मी दार असं आपटून बाहेर पडलो की परत जायचं तर आधी त्या दाराची माफी मागावी लागली असती.) तेव्हापासून मी तीन नोकऱ्या धरल्या, दोन सोडल्या, एक सायकल विकली, गिटार शिकायचं ठरवलं आणि मोडलं. फुंकर तेवढा टिकला. दोनाचे अकरा जीव झाले त्याचे. माझ्या हातून एवढी टिकलेली दुसरी गोष्ट नाही, हे गंमत म्हणून लिहीत नाही.

तुम्ही ताईकडे राहायला गेलात आणि खेळाची वही मोजणीदारकाकांच्या हाती दिलीत, हे चांगलंच केलंत. दर रविवारी दोन ते सहा त्यांच्या कचेरीत खेळ असतो. नकाशे काढायचं त्यांचं टेबल उतरतं आहे, त्यामुळे फासे घरंगळतात. म्हणून बिस्किटांच्या डब्याचं झाकण मधे ठेवलंय, त्यातच टाकायचे. काका भुयारसुद्धा जमीन मोजावी तसं मोजतात. प्रत्येक खोलीला उत्तर दिशेचा बाण. एकदा जिन्याचा उतार चुकला म्हणून त्यांनी आम्हाला राक्षसासमोर वीस मिनिटं उभं ठेवून जिना नव्याने काढला. राक्षसही ताटकळला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई अजून जखमा भरणारी पुजारीणच खेळतात आणि जखमी माणसाला आधी वजन विचारतात.

आता कवळीवाली. ताई, इथून गाळ.

ती तुम्ही गेल्यानंतर आली, म्हणून तुम्हाला माहीत नाही. समोरच्या इमारतीत दातांच्या कवळ्या बनवायची प्रयोगशाळा आहे, तिथे ती काम करते. डॉक्टरीणबाईंनी आणली. मला आधी तिचे हात दिसले, कोपरापर्यंत पांढरी बारीक भुकटी लागलेले. समोरचा माणूस बोलत असला की ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघते. पहिल्याच रविवारी मला म्हणाली की तुझा डावीकडचा सुळा तिरका आहे, पण राहू दे, शोभतो. त्या दिवसापासून मी तोंड मिटून हसायचं सोडलं. (आई म्हणते, उगाच दात काढत फिरतोस.) तिचं पात्र चोर आहे, नाव चिमटी. तिच्याइतका सावकाश चोर मी पाहिला नाही. दारापुढे थांबते, कान लावते, बिजागरी चाचपते, मग परत थांबते. मला थांबण्याचा मनस्वी तिटकारा, हे तुम्ही जाणता. पण ती थांबली की मला वाटतं, भुयार असंच चालू राहावं आणि दार कधी उघडूच नये. माझ्या वीस बाजूंच्या फाशाचे कोपरे झिजलेत असं मी सहज म्हणालो, तर पंधरा दिवसांत तिने मला नवा करून आणला, कवळीच्याच मालाचा. हिरडीसारखा गुलाबी, आणि आकडे दातांसारखे पांढरे. झाकणात पडला की कुणीतरी आपल्याकडे बघून हसतंय असं वाटतं. मामा, मला कुणी असं काही करून दिलेलं नाही. तुम्ही चष्मा दिला होता, पण तो मला लागतच होता.

ताई, आता वाच.

रविवारी आम्ही भुयाराच्या तिसऱ्या मजल्यावर होतो. बारा पावलं बाय आठ पावलांची खोली (काकांनी दोनदा सांगितली), मधोमध लोखंडी पट्ट्यांची पेटी, आमची मशाल विझत आलेली. कवळीवाली म्हणाली, चिमटी गुडघ्यावर बसते आणि कुलपात काही दडवलंय का ते बघते. अशा वेळी डोकं ठिकाणावर असलेला खेळाडू गप्प बसतो. चोर कशासाठी असतो? त्याच कामासाठी. पण माझ्या डोळ्यासमोर एकदम आलं की काहीतरी सुटलं, चिमटी आडवी झाली आणि ही आता कागद दुमडून उठेल, आणि पुढच्या रविवारी येणार नाही. मी उभा राहिलो. फुंकर तिला बाजूला सारतो आणि झाकण उघडतो, म्हणालो. काकांनी विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. "अरे थांब, मला बघू तर दे," ती म्हणाली. पण थांबणं आमच्या रक्तात नाही (तुमची बाजू सोडून).

सुई होती. विषारी. विषापुढे अकरा जीव काय आणि शंभर काय. फाशावर तेरा किंवा वर पडलं तरच सुटका. मी तिने दिलेला फासा मुठीत धरला, हलवला, टाकला. झाकणाच्या कडेला लागला, भिरभिरला, थांबला. दोन. जन्मला तेव्हाही दोन आणि गेला तेव्हाही दोन.

डॉक्टरीणबाईंनी, रोजच्या कामातला दिलासा द्यावा तसा, सांगितलं की त्याला काही कळलं नसेल, अशात आधी झोपच लागते. काकांनी कागदावर वेळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. चौथा नियम. (ताई, बाबांच्या वहीतला चौथा नियम असा: ज्याचं पात्र मेलं त्याने उभं राहून पात्राजवळच्या सगळ्या वस्तूंची यादी स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने वाचायची. एकही गाळायची नाही. मग मागे राहिलेल्या प्रत्येकाने आठवण म्हणून एक वस्तू घ्यायची, कुणी काय घेतलं ते लिहायचं, आणि कागद ज्याचा त्याला परत. खाली बाबांनी लिहिलंय: माणूस काय काय सांभाळत होता ते ऐकल्याशिवाय त्याला गेलेला म्हणू नये.)

मी वाचायला लागलो. एक, तलवार, धार गेलेली. दोन, दोर, वीस हात. तीन, खडू. असं करत अठरा, मेणबत्ती, अर्धी. तिथे थांबलो. काका म्हणाले, पुढे. मी म्हणालो, "हा फासाच खोटा आहे."

तिने विचारलं, काय म्हणालास. अगदी हळू. अशा वेळी 'काही नाही' म्हणायचं असतं, एवढं मला आज कळतंय. मी म्हणालो, एक बाजू जड आहे, दात करणाऱ्यांनी दातच करावेत. ती चिडली नाही, रडली नाही. तिने नुसतं आपल्या हातांकडे बघितलं, उलटे करून, पुन्हा सुलटे करून. मामा, फुंकर चार दहाला मेला असेल, मी चार तेराला मेलो. मग मी बाहेर पडलो आणि दार आपटलं. आत काहीतरी पडून फुटलं. (काकांनी जन्मभर जपलेला शहराचा जुना नकाशा, काचेसकट.)

तर विनंती अशी. टेबल तुमचं, वही तुमची, तुमच्या शब्दाबाहेर कुणी नाही. काकांना दोन ओळी लिहा (ताईकडून लिहवून घ्या), की खोट्या फाशाने आलेलं मरण धरू नये, आणि फुंकरला चार वाजून नऊ मिनिटांवर परत आणावं. म्हणजे मग मी काही बोललोच नाही असं होईल.

डोळे जपा. ताईशी भांडू नका.

तुमचा, आता नसलेला,
भाचा

ता. क. बुधवार, चारचा चहा झाल्यावर. पाकीट सापडत नाहीये म्हणून पत्र अजून माझ्याकडेच आहे, तेवढ्यात एक सांगतो. रागात निघालो तेव्हा फासा माझ्या मुठीतच राहिला होता. म्हटलं, खोटा असल्याचा पुरावा पत्रासोबत पाठवावा. तुम्हीच शिकवलेली युक्ती: पेल्यात पाणी घ्यायचं, फासा तरंगेपर्यंत मीठ ढवळायचं, मग टिचकी मारून फिरवायचा, एक बाजू जड असेल तर तोच तोच आकडा वर येतो. दुकानातलं सगळं मीठ संपलं तेव्हा कुठे तो तरंगला. चाळीस टिचक्या मारल्या. चार, अठरा, अकरा, वीस, सात, तीन... जणू प्रत्येक आकड्याला आपापली पाळी ठाऊक. माझ्या जुन्या बाजारी फाशावर आठाची मक्तेदारी निघाली. मामा, तिचा फासा माझ्यापेक्षा सरळ आहे. फुंकर खऱ्या फाशाने मेला. (त्याच पाण्याचा चहा मालक प्यायले. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.)

ता. क. २. मग विनंती काय उरली, असं तुम्ही म्हणाल. ताई, हे गाळ. नाही, वाच, पण हळू वाच. मामा, मला फुंकर परत नको. मला चौथा नियम रद्द करून हवा आहे. फासा खोटा आहे असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. मी अठरावर थांबलो, कारण पुढे एकोणीस होती. आठ महिन्यांपूर्वी काकांच्या जिन्यात तिच्या पांढऱ्या कोटाचं एक बटण पडलं. मी उचललं. त्याच रविवारी दिलं असतं तर ते बटण होतं. दुसऱ्या रविवारी देताना जीभ अडखळली असती. तिसऱ्या रविवारी तो माझ्याविरुद्धचा पुरावा झाला. काडेपेटीत घालून ठेवलं. आणि मूर्खपणा असा, की फुंकर हा माझ्यापेक्षा धीट गडी, त्याच्याजवळ असलेलं बरं म्हणून त्याच्या यादीतही लिहून टाकलं: '१९. बटण, पांढरं, चार भोकांचं. परत द्यायचं आहे, धीर होत नाही.' फुंकर मरेल आणि हे तिच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचावं लागेल, हे तेव्हा सुचलं नाही. तो मरेल असंच वाटलं नव्हतं. वाचायला नको म्हणून मी भांडण उकरलं आणि तिच्या हातांना नावं ठेवली. तेव्हा नियम तेवढा मोडा. कागद तिथेच टेबलावर राहिलाय. काका नियमाचे पक्के आहेत, पण तुमचं पत्र रविवारच्या आत पोचलं तर त्यांना कागद तसाच दुमडून ठेवता येईल.

ता. क. ३. शनिवार दुपार. उशीर झाला. (पाकीट गुरुवारीच सापडलं होतं, मला सापडवायचं नव्हतं.) आज काका नंबर तपासायच्या निमित्ताने दुकानात आले. त्यांना खुर्चीत बसवलं, पुढ्यात यंत्र आणलं, आणि त्यांनी खिशातून तो कागद काढून गल्ल्यावर ठेवला. मी गेल्यावर उरलेली वस्तू त्यांनी वाचली म्हणाले, खेळाडू पळाला तरी यादी पळत नाही. मी विचारलं, मग ती काय म्हणाली. ते म्हणाले, तू आधी माझा नंबर बघ. कागदावर वर डॉक्टरीणबाईंचं अक्षर: 'दोर. कामाला येईल.' आणि एकोणिसाव्या ओळीपुढे दुसरं अक्षर, कवळीतल्या दातांसारखं नीट एका रेषेत लावलेलं: 'हे चिमटी घेते. आठ महिने वाऱ्यात हिंडतेय. सुई-दोरा माझ्याकडे आहे, बटण तू आण. माझा फासाही आण, आणि त्याच्याबद्दल जे बोललास ते माझ्या तोंडावर परत घे.' हे वाचताना मी काकांच्या डोळ्यापुढे कोणतं भिंग सरकवलं देव जाणे. त्यांना दुकानाच्या भिंती वाकड्या दिसायला लागल्या. जन्म सरळ रेषा मारण्यात गेलेला माणूस, खुर्चीचे हात घट्ट धरून बसला बिचारा. फुटलेल्या काचेचं विचारलं तर म्हणाले, काच तुझ्याच धंद्यातली आहे, तूच बसव.

ता. क. ४. रविवार, दीड वाजता. चौथा नियम रद्द करू नका. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. यादी ज्याची त्यानेच, स्वतःच्या तोंडाने वाचायची असं त्यात स्पष्ट लिहिलंय. काकांनी वाचली ती सोय झाली, नियम नाही झाला. म्हणजे एकोणिसावी वस्तू अजून वाचायची आहे, आणि तुमच्याच हिशेबाने फुंकर अजून गेलेला नाही. तो आज जाईल. उभा राहून वाचीन, सगळं, 'धीर होत नाही' हेही. त्याआधी चाळीस टिचक्यांचं सांगीन. पुढे ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. शिवून झालं की सुई ठेवून देईल आणि दुसऱ्याच कुणाच्या दातांकडे बघेल, असंही होईल. तेरा लागतात की सतरा, कुणी सांगितलेलं नाही. पण फासा खरा आहे.

नवं पात्र टाकलंय. ताकद नऊ, जीव एक. आई कागद बघून म्हणाली, याला घराबाहेर कशाला काढतोस. पण स्वतःच शर्टाला इस्त्री करून दिली.

ताई, वर जिथे जिथे गाळ म्हटलंय तिथे गाळू नकोस. मामांना सगळं ऐकव. (तू आधीच वाचलं असशील, ठाऊक आहे.)

काडेपेटी वरच्या खिशात आहे, फासा मुठीत, काच बगलेत. हे उभ्यानेच लिहितोय, कागद दारावर टेकवून. पत्र वाटेत टाकतो. आई आतून ओरडतेय की दार जपून. तिला सांगितलंय, आज आवाज येणार नाही. कडी हळूच ओढून घेतो.